बिनमुकादमाची बाव

फावडं धरायची तऱ्हा लांबून पाहिली की हा माणूस दुपारपर्यंत टिकणार की नाही, हे महिपत सांगायचा. दांडा आवळून धरणारा टिकत नाही. त्याच्या हाताला आधी फोड येतात आणि मग तोंडात बहाणे येतात. दांडा सैल धरून मांडीतून जोर काढणारा टिकतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पाटणच्या डोंगरातून तरणाबांड असताना तो ठाण्याला आला, पाइपलाइनच्या ठेकेदाराकडं चर खणायला लागला आणि काही वर्षांत त्याच टोळीचा मुकादम झाला. मग निवृत्त होईपर्यंत मुकादमच. कळव्यापासून कल्याणपर्यंत जमिनीखाली जे मोठाले पाइप पडले, त्यांतल्या कितीतरी पाइपांचे चर त्याच्या टोळीनं खणले. चर सरळ, तळ सपाट, कड उभी. वाकडा चर दिसला की तो बुजवून पुन्हा खणायला लावायचा. टोळीतली माणसं त्याच्या नावानं बोटं मोडायची, पण टोळी सोडून जायची नाहीत. महिपतच्या चरात काम उरकायचं आणि माणूस मातीखाली गाडला जायचा नाही.

त्याला आवाज होता. रस्त्याच्या या टोकाला उभं राहून तो "हां, उचल" म्हणाला की त्या टोकाचा माणूस वाकायचा.

निवृत्तीनंतर तो आणि त्याची बायको रंगूबाई ठाण्यापुढं दिव्याला 'जिव्हाळा' नावाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होते. जन्मभर पाण्याचे पाइप घातलेल्या माणसाच्या घरी पाणी नव्हतं. नळ होता. सकाळी तो थोडा वेळ फुसफुसायचा आणि गप्प व्हायचा. बाकी सगळी भिस्त टँकरवर. टँकर आला की बायका कळश्या आणि ड्रम घेऊन धावायच्या, आणि आधी कुणाच्या ड्रममध्ये नळी टाकायची ते टँकरवाला ठरवायचा. रंगूबाईला पाणी कमी पडण्याचं एवढं वाटत नसे. तिला त्या ठरवण्याचा राग यायचा. "पाणी ढगातलं आन् तोरा ह्याचा," असं ती पायऱ्या चढताना म्हणायची.

इमारतीच्या मागं, विटांच्या ढिगाऱ्यापलीकडं, गुणाजीची विहीर होती. गुणाजी मूळचा इथलाच, आगरी. ही मंडळी विहिरीला बाव म्हणतात. गुणाजीची भातखाचरं गेली, त्यांच्यावर इमारती आल्या. बावीएवढा तुकडा मात्र त्यानं कुणाला दिला नाही. तो दिला नाही म्हणून पुतण्यांशी बोलणं तुटलं, तरी दिला नाही. बाव मात्र कचऱ्यानं भरली होती. नारळ, निर्माल्य, थर्माकोलची मखरं, एक अख्खी सायकल. कुणी बावीत कचरा टाकताना दिसलं की गुणाजी दारात उभा राहून नुसता बघायचा. ओरडायचा नाही.

या इमारतीत पहिल्या मजल्यावर सुहासिनीताई राहायला आल्या. डोंबिवलीच्या शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा गेल्यावर रामनगरचं घर मुलगा-सुनेला देऊन इथं भाड्यानं आल्या. लोक दिव्यातून डोंबिवलीला जायला धडपडतात आणि ही बाई उलटी आली, म्हणून आधी सगळ्यांनी तिला जरा वेडसरच धरलं. शनिवारी संध्याकाळी त्या गच्चीवर सतरंजी टाकून बसायच्या आणि येईल त्याच्याशी बोलायच्या.

बोलणं एकाच गोष्टीचं असायचं. माणसं मालकाशिवाय कशी राहतील. पाण्याला, जमिनीला मालक असूच कसा शकतो. सगळं सरकारनं करावं असंही त्यांचं म्हणणं नव्हतं. सरकार हाही एक मालकच, जरा मोठा आणि लांब राहणारा, असं त्या म्हणायच्या. ज्या वस्तीत जे राहतात त्यांनी गोल बसून ठरवावं, गरजेपुरतं काढावं, जमिनीला परत भरून काढता येईल एवढं ठेवावं, आणि ठरवताना कुणी कुणाच्या डोक्यावर बसू नये. हे आज शक्य नाही हे त्यांना मान्य होतं. पण हे टँकर आणि ठेकेदार कायमचे आहेत असं समजायचं कारण नाही, आणि ते गेल्यावर जगायची सवय काही एका दिवसात लागणार नाही, ती आत्तापासून लावायला हवी, एवढा त्यांचा मुद्दा.

तळमजल्यावरचा साईनाथ रिक्षा चालवायचा आणि गच्चीवर मुख्यतः थट्टा करायला यायचा. एकदा त्यानं विचारलं, "ताई, वर कुणी नको हे आपल्याला पटलं. पण माझ्या घरात हायकमांड आहे, तिचं काय करायचं?"

त्याची बायको मागंच बसली होती. ती म्हणाली, "आधी स्वतःचा डबा स्वतः घासायला लाग. मग हायकमांड राजीनामा देईल."

महिपत गच्चीवर गेला नाही. मुकादमाशिवाय काम होत नाही, हे त्याला श्वासासारखं माहीत होतं. मुंग्यांत होत असेल, माणसांत नाही. पण रंगूबाई जायची, आणि एका शनिवारी खाली येऊन भाकरी थापता थापता ती म्हणाली, "त्या बाईला पुस्तकात घावलं ते नवं न्हाई. आपली सावड हाय ती."

सावड महिपतला माहीत होती. त्याच्या लहानपणी गावात आज एकाच्या रानात सगळ्यांनी राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही. ज्याचं रान त्यानं जेवण घालायचं. आणि एक रीत होती, तिचं नाव कुणी घेत नसे पण मोडतही नसे: सावडीच्या दिवशी रानाचा धनी हुकूम करत नाही. महिपतचा बाप त्या दिवशी आपल्याच रानात पाणक्या व्हायचा. खांद्यावर घागर घेऊन बांधाबांधानं फिरायचा. कुणाचा नांगर तिरका गेला तरी बोलायचा नाही. तो तिरका तास मग वर्षभर रानात दिसायचा, आणि जाता-येता बाप त्याच्याकडं बघून हसायचा. हे लहान महिपतला पटत नसे. आपलं रान आणि आपणच गप्प?

 पुढच्या शनिवारी तो गच्चीच्या दारात उभा राहिला.

त्या दिवशी गुणाजीही आला होता. सुहासिनीताईंनी त्याला बावीबद्दल विचारलं होतं आणि उत्तर द्यायला त्याला बरेच आठवडे लागले होते. उत्तर त्यानं उभ्यानंच दिलं. "पानी कारा, पन इकू नका. नि बावीवर कोनाचे नावाची पाटी लावाची नाय. माजे नावाची पन नाय." एवढं बोलून तो जिना उतरला.

बाव अशी सगळ्यांची झाली. या कामाला नाव सावडच पडलं. प्रत्येक घरातून हातांची एक जोडी यायची, आणि ती घरातलीच हवी. भाड्याचा माणूस पाठवायचा नाही. पाणी सकाळी ठरल्या वेळेपुरतं काढायचं आणि पातळी खाली दिसली की थांबायचं. काही ठरवायचं असलं तर बावीच्या कठड्याभोवती बसायचं, आणि ज्यानं तोंड उघडलं नाही त्याला शेवटी विचारायचं. मुकादम नाही, अध्यक्ष नाही, चावी कुणा एकाकडं नाही.

पहिल्या वर्षी गाळ काढायला लागलेला वेळ बघून महिपतच्या जिवाची काहिली झाली. घमेल्यांची साखळी धरली की मधलाच कुणीतरी फोनवर बोलायला बाजूला जायचा आणि साखळी तुटायची. दोर ओढणारे गप्पा मारायचे. कठड्याबाहेर टाकलेला गाळ पुन्हा आत घसरायचा, कारण तो कडेलाच टाकलेला असायचा. महिपत जीभ दाताखाली धरून घमेली उचलत राहिला. संध्याकाळी रंगूबाईपुढं तो सगळं ओकायचा, आणि ती म्हणायची, "कुणी बोलावलं व्हतं का तुमाला? आपल्या पायानं गेलात न्हवं?"

पण बाव साफ झाली. त्या वर्षी पाणी आलं ते गोड होतं. टँकर यायचा बंद झाला नाही, पण जिव्हाळ्यापुढं थांबेनासा झाला. रंगूबाई आता सावकाश पायऱ्या चढायची.

दुसऱ्या वर्षी वैशाखात पुन्हा गाळ काढायला लोक जमले, तेव्हा जे व्हायचं ते झालं.

रविवार होता. निम्मे लोक उशिरा आले. पंप लावून पाणी उपसलं होतं आणि झऱ्याचं पाणी हळूहळू परत भरत होतं. म्हणजे वेळ काढून चालण्यासारखं नव्हतं. अशात दोर ओढणारे दोघे क्रिकेटवर वाद घालायला लागले आणि भरलेलं घमेलं अर्ध्यात लटकत राहिलं. खाली खड्ड्यात साईनाथ उभा होता, त्याच्या डोक्यावर.

महिपत कठड्यावर चढला. चढताना त्यानं काही ठरवलं नव्हतं. पाय आपोआप चढले आणि तोंडातून आवाज निघाला, तोच जुना. "हां, उचल. दोर दोघंच धरा. तू तिकडं हो, साखळीत लाग. घमेलं निम्मंच भर, पण रिकामा हात थांबायला नको. माती कडेला नाय, पार त्या भिंतीला."

सगळे एकदम वाकले. साखळी जुळली. त्यानंतर काम असं चाललं, जणू ही माणसं जन्मभर हेच करत आली होती. आणि खरी गोष्ट अशी, की लोकांना ते आवडलं. आता कुठं उभं राहू, काय करू, कधी थांबू, असले प्रश्न संपले. घाम सगळ्यांना सारखा आला. चौथ्या मजल्यावरचा चांगदेव, जो एका ऑफिसात हेडक्लार्क होता आणि एरवी उंटावरून शेळ्या हाकायचा, तोही मान खाली घालून घमेली फिरवत होता. सुहासिनीताई साखळीत होत्या. त्यांनी एकदा वर महिपतकडं पाहिलं, काही बोलणार असं वाटलं, पण तेवढ्यात हातात घमेलं आलं आणि ते पुढं द्यावं लागलं.

गाळ संपला आणि खाली पिवळी चिकणमाती लागली. कठड्याशी बसलेल्या गुणाजीनं वाकून खाली साईनाथला सांगितलं, "तल फोरू नको रं. पिवली लागली का थांबाचा."

साईनाथनं वर पाहिलं. वर महिपत उभा होता, हात पुढं करून. साईनाथ म्हणाला, "मुकादम बघतील ते," आणि टिकाव उचलला.

महिपतला गुणाजीचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. त्याला दिसत होतं ते एवढंच, की तळ अजून सपाट नाही. चराचा तळ माती लागेपर्यंत नाही, कठीण मुरूम लागेपर्यंत खणायचा असतो. मऊ तळ म्हणजे अर्धवट काम. "घे अजून," तो म्हणाला. "मधी घे. मुरूम लागू दे." मध्यावर परातीएवढ्या जागेत पिवळी माती निघाली, खाली मुरूम लागला, आणि त्यातून पाणी असं उसळलं की साईनाथला घाईनं दोर धरावा लागला. वर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या वर्षी कितीतरी दिवस रेंगाळलेलं काम ऊन उतरायच्या आत उरकलं होतं. रंगूबाईनं आणि इतर बायकांनी पिठलं-भाकरी आणली होती. जेवताना लोक महिपतला मुकादम म्हणायला लागले, आणि त्यानं नको म्हटलं नाही. सावडीत धनी जेवण वाढतो, आणि इथं धनी झालेला माणूस पाटावर बसला होता, हे रंगूबाईच्या लक्षात आलं. ती भाकरी वाढत पुढं गेली.

पाणी भरपूर आलं. आठवडाभर लोक बावीकडं बघून खूश होते. मग रंगूबाईची तुरीची डाळ शिजेना. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी डाळ गोटीसारखी. दुसऱ्या दिवशी चहा फाटला. तिनं दुधाला बोल लावला. मग साईनाथच्या बायकोचाही चहा फाटला. बादल्यांच्या कडांना पांढरी रेघ धरायला लागली. सुहासिनीताईंच्या खिडकीतली तुळस खालून वर पिवळी पडत गेली. शेवटी रंगूबाईनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, गुळणी केली आणि थुंकून दिलं. मग नवऱ्यापुढं पेला ठेवला. महिपतनं घोट घेतला. खाडीचं पाणी होतं.

कठड्याभोवती सगळे बसले. गुणाजीनं सांगितलं ते असं, की इथं वर पावसाचं गोड पाणी आहे, खाली खाडीचं खारं, आणि दोघांच्या मध्ये ती पिवळी माती. ती फोडायची नसते. त्याच्या बापानं फोडली नाही, आज्यानं फोडली नाही. म्हणून जास्तीचं पाणी कधी मिळालं नाही, आणि आहे ते कधी खारं झालं नाही.

महिपतनं त्याला विचारलं, "मग मला का सांगितलं नाहीस?"

"साईनाथला सांगला ना. तुमी वर उबे व्हते, हात करून. हात केलेल्या मानसाला काय सांगाचा?"

सगळ्यांनी साईनाथकडं पाहिलं. त्याला या वेळी थट्टा सुचली नाही. तो म्हणाला, "काका, खरं सांगू? एरवी मी दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी तुम्ही खण म्हणालात, मी खणलं. डोकं वर कठड्यावर ठेवून खाली उतरलेलो. आणि लई बरं वाटत होतं, तेपण सांगतो."

चांगदेवनं मग आपलं म्हणणं मांडलं. हे सगळं फसलं आहे, हे मान्य करावं. रीतसर कमिटी करावी, अध्यक्ष नेमावा, मशीनवाल्याला बोलावून खोल बोअर मारावी. गुणाजी म्हणाला, खोल गेलात तर खाडीच्या आणखी जवळ जाल. चांगदेव म्हणाला, मग टँकर काय वाईट होता? आणि तो उठला. त्याच्याबरोबर आणखी काही घरं उठली.

सुहासिनीताई शेवटपर्यंत बोलल्या नव्हत्या, म्हणून रीतीप्रमाणं त्यांना विचारलं गेलं. त्या म्हणाल्या, "दोष एकट्या महिपतरावांवर ढकलता येणार नाही. ते कठड्यावर चढले तेव्हाच मला कळलं होतं की आता हे आपलं राहिलं नाही. तरी मी घमेली देत राहिले. काम होतंय ना, असं वाटलं. इतकी वर्षं मी जे बोलत आले, ते मीच एका घमेल्यासाठी सोडून दिलं."

महिपत उठून घरी गेला.

तो मग बावीकडं फिरकला नाही. पाणी आणायला रंगूबाई जायची, तेही आता टँकरवरून, चांगदेवच्या रांगेत. महिपत गॅलरीत बसायचा. शिव्या त्याला नवीन नव्हत्या. नावानं बोटं मोडणारी टोळी त्यानं जन्मभर हाकली होती. पण टोळीत त्याच्या हातून चूक झाली, तर ती कुणीतरी वेळेत सांगितलेली असायची, असं त्याला वाटत आलं होतं. आता तो एकेक चर आठवायला लागला. कुठं तळ खचला होता, कुठं पाइप फुटला होता. त्या प्रत्येक चरात खाली उभ्या असलेल्या माणसाला ते आधी दिसलं असेल, आणि त्यानं वर पाहिलं असेल, आणि वर हात केलेला महिपत दिसला असेल. हे आता कुणाला विचारून कळणार नव्हतं.

गुणाजीनं उपाय काढला. त्याचा बाप मिठागरात कामाला होता. मिठागराचा वाफा करताना तळाची चिकणमाती पायानं तुडवतात, अशी की खारं पाणी खालीही झिरपत नाही. खारं पाणी खाली जात नाही, तर खालून वरही येणार नाही, असा त्याचा हिशेब. खाडीच्या बाजूला जुन्या बांधाची तसली माती अजून होती. पंप चालू ठेवून पाणी उपसत राहायचं, फुटलेल्या जागी माती टाकायची, तुडवायची, पुन्हा टाकायची, पुन्हा तुडवायची. याला फावडं चालत नाही. टाचच लागते. आणि घाई चालत नाही.

कोण येणार हे कुणी ठरवलं नाही. कुणी कुणाच्या दारावर गेलं नाही. सकाळी रंगूबाईनं लुगड्याचा काचा मारला आणि ती निघाली. दारात थांबून म्हणाली, "सावडीला आवतण नसतं. इतकं तरी ध्यानात आसंल."

महिपत बराच वेळ बसून राहिला. मग उतरला. बावीशी माणसं कमी होती, मागच्या वेळच्या निम्मीही नसतील. तो कठड्यापासून लांबच उभा राहिला. त्याची नजर आधी दोराकडं गेली. दोर कप्पीवर तिरका बसला होता आणि एका बाजूनं झिजत होता. ते सांगायला तोंड उघडलं, पण त्यानं ते मिटलं.

साईनाथ गुडघाभर चिखलात उभा होता. त्यानं खालून महिपतला पाहिलं. "काका, चप्पल काढून या," तो म्हणाला. "इथं मुकादमाला जागा नाय. टाचेला आहे."

महिपतनं चप्पल काढली, धोतर वर खोचलं आणि दोर धरून उतरला.

तुडवणं हे त्यानं आयुष्यात केलेलं सगळ्यांत अवघड काम निघालं. खणताना खड्डा दिसतो. उचलताना ढीग दिसतो. इथं काहीच दिसत नव्हतं. गोल गोल फिरायचं, टाच दाबायची, पाय उचलायचा. माती पाय सोडत नसे. किती झालं हे बघून कळत नसे. टाचेखाली पाणी चुबकतंय की नाही, एवढीच खूण. चारजण एका छोट्या वर्तुळात फिरत होते आणि एकानं पाऊल मोठं टाकलं की दुसऱ्याचा तोल जायचा, म्हणून सगळ्यांनाच एकमेकांच्या चालीनं चालावं लागत होतं. पुढं साईनाथ, मागं सुहासिनीताई. त्यांनी नऊवारी कधी नेसली नव्हती. कुणाची तरी पॅन्ट घालून आल्या होत्या आणि मध्ये मध्ये महिपतच्या खांद्याचा आधार घेत होत्या. महिपतची चाल जड होती. ती त्यानं हलकी केली.

थोड्या वेळानं सुहासिनीताईंनी त्याला विचारलं, "वर तो दोर तिरका दिसतोय. असाच असतो का?"

"नाही," महिपत म्हणाला. "झिजतोय तो."

"मग सांगा ना."

त्यानं सांगितलं. मोठ्यानं नाही. वर दोर धरणारी ऐश्वर्या, साईनाथची थोरली मुलगी, हिनं तो सरळ करून घेतला आणि हे खरंच तिरकं होतं म्हणाली. एवढंच झालं. महिपत पुन्हा फिरायला लागला.

कितीतरी दिवस हे चाललं. माणसं येत, काही गळत. एकदा घातलेला थर रात्रीत फुगून फुटला आणि पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. त्यावर कुणी कुणाला बोललं नाही, कारण चूक नेमकी कुणाच्या टाचेची, हे सांगता येण्यासारखं नव्हतं. शेवटी गुणाजी स्वतः उतरला, म्हातारपणी, दोघांनी धरून उतरवला. त्यानं अनवाणी एक फेरी मारली, एका जागी थांबला, टाच रोवली, पुन्हा रोवली, आणि मान हलवली. वरून दगड पसरले.

पाऊस येऊन गेला. दिवाळीपर्यंत पाणी मचूळच राहिलं, धुण्याला चालेल असं. संक्रांतीच्या आसपास रंगूबाईनं पुन्हा बावीचं पाणी कुकरला लावलं. डाळ शिजली. पूर्वीसारखी लोण्यासारखी नाही, पण शिजली. पाणी पहिल्याइतकं गोड पुढंही झालं नाही. चांगदेवकडं अजून टँकर येतो, आणि जिन्यात भेटला की तो विचारतो, "काय, तुमची क्रांती खारी की गोड?" साईनाथ त्याला सांगतो, की पिऊन बघा, फुकट आहे. गच्चीवर शनिवारी सतरंजी पडते. सुहासिनीताई आता पूर्वीपेक्षा कमी बोलतात आणि जास्त विचारतात. महिपत जातो. भिंतीला टेकून बसतो.

यंदाच्या वैशाखात गाळ काढायला लोक जमले. साखळी तशीच तुटत होती. कुणी फोनवर बोलायला गेलं, कुणी चहा घेत बसलं. महिपत सकाळपासून घागर घेऊन फिरत होता आणि येईल त्याला पाणी देत होता. दुपारी खाली उतरायची त्याची पाळी आली. त्यानं फावडं सैल धरलं. गाळ काळा होता, सुटा होता, भराभर निघत होता. आणि मग फावड्याच्या पात्याखाली काहीतरी बदललं. पातं आत जाताना जरा अडलं, आणि निघताना चिकटलं. त्यानं बोटानं चाचपलं. पिवळं होतं.

पुढं काय करायचं ते त्याला माहीत होतं. हात वर गेलाही होता, थांबा म्हणायला. तो त्यानं खाली घेतला आणि फावडं भिंतीला टेकवलं.

"माती लागली," त्यानं वर सांगितलं. "मला वाटतं थांबावं. तुम्ही काय म्हणता?"

 वर कुणीतरी कुणाला विचारलं, त्यानं पुढच्याला विचारलं, आणि प्रश्न कठड्याभोवती फिरत राहिला. वेळ लागत होता. पायाखाली पाणी हळूहळू भरत होतं. महिपत त्यात उभा राहून वाट बघत होता.